वटवट्याच्या सत्तावीस नोंदी

मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

विसर्जन होऊन तीन दिवस झाले. आज पहिल्यांदा कानात ढोल नाहीत. सकाळी सहाला दुकानाचं मागचं दार उघडलं, उंबराखाली स्टूल टाकलं आणि पाऊण तास बसलो. तांबट बोलला, बुलबुल बोलले, कावळ्यांनी सभा घेतली. आमचा पाहुणा नाही.

ही नवी वही लेकीने, रुमानाने दिली आहे, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतो. मी युसूफ तांबोळी, वय सदुसष्ट, धंदा पेटी दुरुस्तीचा आणि सूर लावण्याचा. पेटी म्हणजे हार्मोनियम. खाली दुकान, वर दोन खोल्या, मागे उंबर, पत्ता नारायण पेठ. घरात आम्ही दखनी बोलतो, पण शाळा मराठी होती, त्यामुळे लिहायला बसलो की मराठीच येते. बायकोची, रशीदाची बोलणीही इथे मराठीतच खातो.

पाहुणा म्हणजे हिरवट वटवट्या. चिमणीहून लहान, वजन आठ ग्रॅम. उन्हाळ्यात हिमालयाकडे, त्याच्याही पलीकडे पार सैबेरियापर्यंत जाऊन पिल्लं काढतो आणि सप्टेंबरात आमच्या उंबरावर हजर होतो. पानांत असा काही मिसळून जातो की दिसत नाही, ऐकावा लागतो. 'चि-विट'. पहिला सूर जरा लांब, दुसरा तुटका. १९९८ साली माधव सर म्हणून एक मास्तर पेटी घेऊन आले होते, त्यांनी तो मला ऐकवला. म्हणाले, "युसूफ, लोकांना दुर्बीण लागते. तुला लागायची नाही." सर आता नाहीत. पण तेव्हापासून एका वेगळ्या वहीत दर वर्षी दोन तारखा लिहितो, पहिल्यांदा ऐकला ती आणि शेवटचा ऐकला ती. नियम एकच. मी स्वतः, याच झाडाखाली, माझ्या कानांनी ऐकला तरच नोंद. दुसऱ्याने सांगितलेलं चालत नाही.

पहिली अठरा वर्षं तो अकरा ते पंधरा सप्टेंबरच्या दरम्यान यायचा. मग उशीर करायला लागला. गेल्या वर्षी सहा ऑक्टोबर. का, ते अस्मिता शोधते आहे.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

अस्मिता आली होती. कोथरूडची मुलगी, एका संस्थेत संशोधन करते, स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या तारखा गोळा करते. तिला स्वतःला वटवट्या ओळखता येत नाही, हे तिनेच पहिल्या भेटीत सांगून टाकलं. ती आकड्यांची माणूस. जुनं कुणी काही लिहून ठेवलंय का, असं विचारत फिरताना तिला माझी वही सापडली.

आज तिने लॅपटॉपवर रेघ दाखवली.

"काका, हे बघा. दोन हजार पंधरापर्यंत लाइन एकदम फ्लॅट. सोळापासून कशी चढत जाते. यायला तीन आठवडे उशीर, जायची तारीख जवळजवळ महिनाभर आधी. म्हणजे त्याचा इथला स्टेच कमी होतोय."

"मग आता काय करायचं?"

"पेपर लिहायचा. तुमच्या नावासकट. एकाच माणसाने एकाच झाडाखाली सत्तावीस वर्षं ठेवलेला डेटा कुणाकडेच नसतो हो. पंधरा ऑक्टोबरला पाठवायचाय."

आनंद झाला, खोटं कशाला लिहू. मैफलीच्या पत्रिकेवर गाणाऱ्याचं नाव असतं, तबलजीचं असतं, पेटीवाल्याचं असतं. पेटी ज्याने लावली त्याचं नाव चाळीस वर्षांत एकदाही छापलेलं पाहिलं नाही. हे पाखरू माझं नाव छापून आणणार.

जाताना तिने उंबराच्या फांदीला एक हिरवा डबा बांधला. तो दिवसभर आवाज टिपत राहतो. लेखाला पुरावा म्हणून यंदाचा पहिला आवाज जोडायचा आहे म्हणे. बांध म्हटलं. मी ऐकला की तारीख सांगेन, त्या तारखेचा आवाज डब्यातून काढून घे.

काल सकाळी रशीदा वर गॅलरीत ओला टॉवेल हातात घेऊन पाच मिनिटं नुसती उभी होती. खालून विचारलं, काय झालं? म्हणाली, "काही नाही. तुम्ही काही ऐकलंत का?" ऐकलं असतं तर सांगितलं नसतं का?

रविवार, १४ सप्टेंबर

वॉशिंग मशीनचा बझर गेला. धुणं होऊन तासभर झाला तरी मला पत्ता नाही. रशीदा म्हणते, वाजला, स्वयंपाकघरात ऐकू आला. मी मशीनला पाठ टेकून पेपर वाचत होतो, मला नाही आला. रुमानाने हप्त्यावर घेऊन दिलेलं मशीन आहे, त्यामुळे त्यात खोट असू शकत नाही. खोट माझ्यात.

रातकिडेही यंदा नाहीत. फवारणी करून करून सगळं मारून टाकलं या शहराने. आणि अस्मिता फोनवर फार पुटपुटते. शिकलेली मुलगी, पण शब्दांच्या कडा खाते.

गुरुवार, १८ सप्टेंबर

रावसाहेबांची पेटी दिली. हे भजनी मंडळाचे अध्यक्ष. पेठेत यांच्याइतकं खडूस गिऱ्हाईक नाही. गेल्या वेळी काळी चारचा सूर केसभर उतरला आहे म्हणून परत घेऊन आले होते, आणि उतरलाही होता. आज तिन्ही सप्तकं वाजवून पाहिली, डोळे मिटून. मग म्हणाले, "तक्रार करण्यासारखं काही ठेवलेलं दिसत नाही." पुण्यात याला सत्कार म्हणतात.

रीड, म्हणजे पेटीतली पितळी पट्टी, टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. किती घासायची ते हाताला कान सांगतो. सदुसष्टाव्या वर्षी तो कान जागेवर आहे. म्हणूनच वाईट वाटतं. कान तयार आहे आणि ऐकायचा तोच आलेला नाही.

मंगळवार, २३ सप्टेंबर

नाही.

रशीदा दुपारी चहा घेऊन मागे आली. कप मला दिला आणि वर बघत उभी राहिली. "आज?" मी मान हलवली. "बरं," म्हणाली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. भर दुपारी, मागच्या बाजूच्या चार खिडक्या उघड्या असताना. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, असं तिने कधी केलं नाही. रुमानाकडे काही बिनसलंय आणि मला सांगत नाहीयेत, असा संशय येतो. रात्री फोन करून रुमानाला विचारलं. ती हसली. सगळं ठीक आहे अब्बा, म्हणाली. मग अम्मीला फोन दे म्हणाली आणि दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या.

रविवार, २८ सप्टेंबर

आज फज्रच्या, पहाटेच्या नमाजानंतर त्याच्यासाठी दुआ मागितली. लाज वाटली, पण मागितली. आठ ग्रॅमचा जीव. डोंगर, वारा, ससाणे, शहरांचे दिवे, एवढं ओलांडून येतो आणि नारायण पेठेतलं एक झाड शोधतो. दर वर्षी थोडा उशीर म्हणजे दर वर्षी त्याला थोडं जड जात असणार. एखाद्या वर्षी जमणारच नाही. ते वर्ष हेच असेल का?

अस्मिताचा फोन आला. ती म्हणाली, जितका उशीर तितका पेपर स्ट्राँग. तिचं चुकलं नाही, तिचं काम आहे ते. पण मी फोन लवकर ठेवला.

रविवार, ५ ऑक्टोबर

जमेल तसं लिहितो.

सकाळी अकराला अस्मिता आली. काल ती डब्यातलं कार्ड घेऊन गेली होती. आज चेहरा उतरलेला. स्टुलावर बसली, लॅपटॉप उघडला, पुन्हा मिटला.

"काका, डब्यात काहीतरी प्रॉब्लेम दिसतोय. किंवा आमच्या सॉफ्टवेअरमध्ये."

"काय म्हणतो डबा?"

"तो म्हणतो तेरा सप्टेंबर. डबा लावला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. त्यानंतर रोज. दिवसाला हजार हजार वेळा."

मी म्हटलं, शक्य नाही. दुसरा कुठला तरी पक्षी असेल. यंत्राला काय कळतं? वाजवून दाखव, मी सांगतो कोण आहे ते. तेवढ्यात रशीदा पोह्यांच्या बश्या घेऊन खाली आली आणि दारातच थांबली.

अस्मिताने बटण दाबलं. मला रिक्षा ऐकू आली. तांबट ऐकू आला. कुणीतरी शटर वर केलं ते ऐकू आलं. पडद्यावर आवाजाचं चित्र सरकत होतं आणि त्यात वरच्या बाजूला बारीक काळे फराटे उमटत होते, दोन-दोनच्या जोडीने, एक लांब, एक तुटका.

"सुरू कर," मी म्हटलं.

अस्मिता माझ्याकडे बघत राहिली. मग रशीदाकडे. तिला त्या क्षणी कळलं, मला नाही. मी पुन्हा म्हटलं, अगं, सुरू कर ना.

रशीदाने बश्या कामाच्या टेबलावर ठेवल्या, रीडच्या चुऱ्यातच. "सुरू आहे," ती म्हणाली. "तोच आहे हो. आत्ता झाडावरही बोलतोय."

सोमवार, ६ ऑक्टोबर

दुकान बंद ठेवलं. रशीदाशी बोललो नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

बोललो. म्हणजे ओरडलो. इतकी वर्षं मी खाली बावळटासारखा बसायचो आणि तू वरून बघत होतीस.

ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. "बघत नव्हते. तुम्ही ऐकाल म्हणून वाट बघायचे. तुम्ही ऐकलात की मला सुटल्यासारखं व्हायचं. आठ दिवसांनी, पंधरा दिवसांनी. खालच्या फांदीवर येऊन ओरडला की यायचा तुम्हाला ऐकू."

"सांगायला काय झालं होतं?"

"सूर लावून पोट भरणाऱ्या माणसाला त्याच्या बायकोने सांगायचं की तुमचा कान गेला? आणि पेट्या तर नीट लावत होतात. मग मलाच वाटायचं, आपलंच चुकत असेल. एका पाखराचा तर प्रश्न, कुणाचं काय बिघडतंय. ते छापणार आहेत हे मला गेल्या महिन्यात कळलं. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये."

तो आवाज मीच तिला शिकवला होता. रुमाना लहान होती, उंबराखाली तिघंही उभे होतो. ते मी विसरलो होतो.

बुधवार, ८ ऑक्टोबर

रुमानाने कानाच्या दवाखान्यात नेलं. तिथे प्रियदर्शनी म्हणून एक तपासणाऱ्या बाई आहेत. बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावले, आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. मी पटापट दाबत गेलो. मग बराच वेळ बाईंनी काहीच वाजवलं नाही. निदान मला तसं वाटलं.

बाहेर येऊन त्यांनी कागद दाखवला. रेघ सरळ जाते आणि एका ठिकाणी सिंहगडाच्या कड्यासारखी खाली कोसळते. मी विचारलं, मग मी पेटी कशी लावतो? त्यांनी पेन्सिलने पेटीचा शेवटचा सूर कुठे येतो ते दाखवलं. कड्याच्या अलीकडे, सपाटीवर. पक्ष्याचा आवाज कड्याच्या पार पलीकडे. म्हणाल्या, "आजोबा, वयानुसार कान वरून रिकामा होत येतो. तुम्ही रोज कान तपासत होतात, पण जिथे तो शाबूत आहे तिथेच."

यंत्राने थोडा फरक पडेल, पण इतक्या वरचं परत येईलच असं नाही, असंही सांगितलं. गोड बोलल्या नाहीत, ते बरं वाटलं. धंदा वाचला म्हणून रुमाना रिक्षात रडली. मी बाहेर बघत बसलो. मला धंद्याची काळजी वाटतच नव्हती.

शनिवार, ११ ऑक्टोबर

अस्मिता आली. तीन रात्री झोपलेली दिसत नव्हती. तिने एक मार्ग आणला होता.

"काका, तुमचा कान हळूहळू गेला असणार. म्हणजे शेवटची पाच वर्षं खराब धरू. विसापासूनचं काढून टाकू. तरीही सोळा ते एकोणीस लाइन वर जातेच. थोडी जाते, पण जाते. पेपर उभा राहतो. तुमचं नावही राहतं."

"आणि सोळाला कान ठीक होता कशावरून?"

"नव्हता कशावरून? कुणालाच माहीत नाही ना."

तेही खरं होतं. त्या चार वर्षांचं माझं म्हणणं खोटं पाडणारं कुणी नव्हतं. तिला म्हटलं, संध्याकाळी फोन करतो.

ती गेल्यावर मी तारखांची जुनी वही घेऊन तासभर बसलो. सोळा सालची नोंद, बावीस सप्टेंबर. माझं अक्षर, निळी शाई. त्या अक्षरात कुठेच शंका दिसत नाही. छापलेलं नाव डोळ्यांसमोर येत होतं आणि ते मला हवं होतं, हेही इथे लिहून ठेवतो. विचारलं नाही तर चार वर्षं वाचतात, हे कळत होतं. कळत असूनही वर गेलो आणि रशीदाला विचारलं, पहिल्यांदा कधी?

तिला आठवावं लागलं नाही. "रुमानाच्या लग्नाच्या दिवशी. सकाळी मंडपवाले यायच्या आधी. मी म्हटलं, तुमचा पाहुणाही आला लग्नाला. तुम्ही म्हणालात, कुठे? तो डोक्यावर बोलत होता. मला वाटलं, मुलगी चालली म्हणून तुमचं लक्ष नाही."

रुमानाचं लग्न अठरा सप्टेंबर, दोन हजार सोळा.

खाली आलो. नऊ वर्षांच्या नऊ ओळींवर पट्टी ठेवून आडव्या रेघा मारल्या. खोडरबर नाही, खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे. बाजूला लिहिलं, 'ऐकणाऱ्याचा कान अधू, नोंद ग्राह्य नाही.' सही केली. मग अस्मिताला फोन लावून सांगितलं.

 ती म्हणाली, "मग लाइन फ्लॅटच राहते काका. पेपर नाही होणार."

"माहीत आहे."

"ठीक आहे." आणि सावकाश, माझ्यासाठी शब्द सुटे करून, "पण म्हणजे तो वेळेवर येतोय. या झाडावर तरी."

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझं काय गेलं याच्या हिशेबात मी एवढा गुंतलो होतो. तो दमला नाही, वाट चुकला नाही. नऊ वर्षं तो ठरल्या दिवसांत येत होता आणि माझ्या डोक्यावर बसून बोलत होता. मी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून रडलो. दुःखाने रडलो असं नाही म्हणता येणार. इतक्या दिवसांची काळजी उतरली.

रविवार, १२ ऑक्टोबर

पहाटे स्टूल घेऊन मागे गेलो. कशासाठी, ते माहीत नव्हतं. सवय. पाच मिनिटांनी रशीदा दुसरं स्टूल घेऊन आली आणि शेजारी बसली. साडीवर माझा जुना स्वेटर घातला होता.

यंदाची ओळ कोरी होती. विचारलं, तू कधी ऐकलास? म्हणाली, अकराला, गुरुवारी. मी वहीत लिहिलं, 'आगमन: ११ सप्टेंबर २०२५. ऐकणारी: रशीदा तांबोळी.' तिने वाचून पाहिलं. "माझं नाव कशाला?" म्हटलं, ऐकलं कुणी?

 उजाडत होतं. उंबराची पानं हलत होती, तांबट सुरू झाला. थोड्या वेळाने रशीदाने माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि मनगटावर बोट टेकवलं. जरा दाबून धरलं, उचललं, आणि लगेच पुन्हा एक टिचकी. मी तिच्याकडे पाहिलं. ती वर पानांत बघत होती.

पुन्हा. एक लांब, एक तुटका. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा.

लय बरोबर होती.